वारेबरोबर टाकून दिला जाणारा पडदा आणि मुलांचे डोळे

पुण्यातल्या कोणत्याही प्रसूतिगृहात बाळ जन्मले की थोड्या वेळाने वार पडते. ती पूर्ण पडली आहे ना, हे डॉक्टर किंवा परिचारिका पाहतात आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ती पिवळ्या पिशवीतून जाळण्यासाठी रवाना होते. पाणमोटीच्या आतल्या बाजूला, बाळाच्या भोवतीच्या पाण्याला लागून, एक पारदर्शकसा पडदा असतो. इंग्रजी वैद्यकात त्याला अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन म्हणतात. त्याची जाडी साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते. डोळ्याचा पृष्ठभाग जळालेल्या किंवा सोललेल्या मुलावर हाच पडदा योग्य वेळी बसवला, तर काही आजारांत पुढचे कायमचे नुकसान पुष्कळ कमी होते. माझे म्हणणे एवढेच आहे की हा पडदा मुलांसाठी सार्वजनिक सेवेचा भाग व्हायला हवा. ज्याप्रमाणे रक्ताची पिशवी गरजेच्या वेळी रक्तपेढीतून मागवता येते, त्याप्रमाणे तो पुण्यासारख्या शहरात रात्री-अपरात्रीही सरकारी रुग्णालयाच्या फ्रीझरमधून काढता आला पाहिजे. एखाद्या घराला तो परवडतो की नाही, किंवा एखाद्या डॉक्टरला तो आठवतो की नाही, यावर त्याचा वापर अवलंबून राहता कामा नये.

या पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. एका बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्याखाली जाडसर आधारपटल आणि त्याखाली तंतुमय गाभा. कॉर्नियावरची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावरची, त्वचा गेली की कडेकडून नव्या पेशी सरकत येतात आणि त्यांना पुढे सरकण्यासाठी धड पृष्ठभाग लागतो. हे आधारपटल तो पुरवते. शिवाय पडद्यातील काही घटक दाह शमवतात, व्रण धरणाऱ्या पेशींना आवर घालतात आणि कॉर्नियावर नको असलेल्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात. शरीर ज्या खुणांवरून परका अवयव ओळखते, त्या खुणा या पडद्यात फारच कमी असल्यामुळे तो बसवताना रक्तगट जुळवावा लागत नाही. गर्भावरणांचा उपयोग त्वचेच्या जखमांवर १९१० पासून नोंदला गेला आहे. डोळ्यासाठी तो १९४० साली डी रॉथ यांनी वापरला, त्याच दशकात सोर्सबी यांनी रासायनिक भाजण्यावर त्यापासून केलेले कोरडे आवरण वापरले, आणि पुढे जवळपास अर्धे शतक नेत्रवैद्यक तो विसरून गेले. १९९५ साली किम आणि त्सेंग यांनी सशांच्या डोळ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे तो पुन्हा शस्त्रक्रियागृहात आला.

आता मुले या पडद्यापर्यंत कशी येतात ते पाहू, कारण इथे आपल्या राज्याचा हात मोठा आहे. तंबाखूबरोबर मळायचा चुना आपल्याकडे प्लॅस्टिकच्या छोट्या पुडीत किंवा ट्यूबमध्ये मिळतो. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातली, दुकानाच्या फळीवरची किंवा रस्त्यात पडलेली ती पुडी मुलाच्या हाती लागते. ती मऊ असते, दाबायला छान वाटते. तोंड उघडत नाही म्हणून मूल दोन्ही हातांनी जोर लावते, आणि पुडी फुटते तेव्हा ती त्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर असते. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ज्याचा पीएच बाराच्या आसपास असतो. आम्ल पेशींतील प्रथिने गोठवते आणि त्यामुळे स्वतःचीच वाट काही प्रमाणात अडवते. अल्कलीचे, म्हणजे चुन्यासारख्या पदार्थाचे, तसे नसते. ती पेशींचे आवरण विरघळवत आत जात राहते. त्यात चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत अडकून बसतात, आणि बाहेरून डोळा धुतलेला दिसला तरी आत जळणे चालूच राहते.

म्हणून अशा मुलावर पहिला उपचार पडद्याचा नसतो, तो नळाच्या पाण्याचा असतो. घरी लगेच, निदान पंधरा ते तीस मिनिटे, डोळा उघडा धरून धुवावा. तूप, मध, गुलाबपाणी, दूध यांपैकी काहीही घालू नये. रुग्णालयात सलाइनची नळी धरून धुताना पीएचची पट्टी पुन्हा पुन्हा लावून पाहावी लागते. वरची पापणी एकदा उलटवून भागत नाही. ती आणखी मागे दुमडून तिच्या खोबणीत ओला बोळा फिरवावा लागतो आणि त्यावर आलेले पांढरे कण मोजून टाकल्यासारखे टाकावे लागतात. चार वर्षांचे घाबरलेले मूल हे शुद्धीत करू देत नाही, त्यामुळे कित्येकदा भूल देऊनच हे काम होते. हे नीट झाले नाही, तर वर कितीही चांगला पडदा बसवला तरी त्याचा उपयोग होत नाही. मी पडद्याचा पुरस्कार करतो आहे, म्हणून हे आधी आणि ठळकपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

डोळा धुतल्यानंतर नुकसान किती झाले, हे ठरवण्यासाठी डॉक्टर लिंबसकडे पाहतात. कॉर्निया आणि पांढरा भाग जिथे मिळतो, त्या कडेला लिंबस म्हणतात. कॉर्नियाच्या त्वचेला आयुष्यभर नव्या पेशी पुरवणाऱ्या मूलपेशी तिथेच राहतात. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे किती तासांएवढी कड जळाली, यावर पुढचे भवितव्य ठरते. सगळी कड गेली तर पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसह कॉर्नियावर चढते, नजर धूसर होते आणि पापणी बुबुळाला चिकटू लागते.

मोठ्या माणसाच्या बाबतीत हे जितके वाईट, त्याहून मुलाच्या बाबतीत अधिक वाईट असते, आणि त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न वेगळा का आहे ते कळत नाही. मुलाच्या ऊती मोठ्यांपेक्षा जोमाने सुजतात आणि जोमाने व्रण धरतात, त्यामुळे चिकटलेली पापणी सोडवली तरी ती पुन्हा चिकटते. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. त्या काळात एका डोळ्यातून धूसर प्रतिमा जात राहिली तर मेंदू तो डोळा वापरणेच सोडून देतो, आणि मग पुढे कॉर्निया काचेसारखा स्वच्छ केला तरी तो आळशी डोळा पाहत नाही. प्रौढाच्या डोळ्यावर सहा महिने वाट पाहणे म्हणजे सहा महिन्यांचा त्रास, तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर तेवढीच वाट पाहणे म्हणजे कायमची गमावलेली नजर असू शकते. शिवाय मुलाला टाके घालायचे आणि काढायचे तर प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते. ते डोळा चोळते, थेंब घालू देत नाही. दाह कमी करण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब फार काळ चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होण्याची भीती असते. कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रियाही मुलांत मोठ्यांइतकी टिकत नाही, आणि लिंबस गेलेल्या डोळ्यात तर ती बहुधा फसतेच. म्हणूनच मुलाच्या डोळ्याचा पृष्ठभाग पहिल्या काही दिवसांत जितका वाचवता येईल तितका वाचवणे, हाच सर्वांत खात्रीचा मार्ग उरतो.

पडदा बसवताना पाहिले तर हे काम किती नाजूक आहे ते कळते. उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवलेला पडदा एका कागदाला चिकटलेला असतो. खोलीच्या तापमानाला आला की तो चिमट्याने कागदावरून सोडवतात आणि कोणती बाजू वर ठेवायची ते तपासतात. कोरड्या स्पंजचे टोक लावले की ज्या बाजूने बारीक तंतू ओढले जातात ती गाभ्याची बाजू, आणि सहसा तीच खाली जाते. मग तो सुरकुती न राहू देता पसरून केसाहून बारीक टाक्यांनी किंवा फायब्रिन या रक्तातील प्रथिनापासून केलेल्या गोंदाने बसवतात. दोनेक आठवड्यांत तो विरघळू लागतो, आणि तोवर त्या डोळ्याला नीट दिसत नाही, हा मुलांच्या बाबतीतला त्याचा दोष मानायला हवा. दृष्टीच्या विकासाचा विचार न करता पडदा पुन्हा पुन्हा बसवत राहणे, हा उपचार म्हणता येणार नाही. त्यामुळे पृष्ठभाग सांभाळणाऱ्या डॉक्टरांबरोबर मुलांच्या दृष्टीचे तज्ज्ञही पहिल्या आठवड्यापासून असले पाहिजेत. चांगला डोळा दिवसातले काही तास झाकून जखमी डोळ्याला काम देण्याचा उपचार कधी सुरू करायचा, हे दोघांनी मिळून ठरवायचे असते.

एवढे सगळे म्हटल्यावर पुरावा काय सांगतो, हा प्रश्न टाळता येत नाही. रासायनिक भाजण्याच्या बाबतीत तो माझ्या बाजूने पूर्ण नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १०० डोळ्यांवर झालेली तुलनात्मक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. मध्यम भाजलेल्या डोळ्यांत पडद्यामुळे जखम लवकर भरली, परंतु अंतिम नजर, पापणी चिकटणे आणि कॉर्नियाची स्वच्छता यांत दीर्घ मुदतीचा ठोस फायदा दिसला नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यानेही ताज्या भाजण्यात पडदा वापरण्यासाठी निर्णायक पुरावा नाही, असेच म्हटले. हे निष्कर्ष लपवून पडद्याची जाहिरात करणे रुग्णांशी अप्रामाणिकपणाचे होईल. भाजलेल्या डोळ्यात त्वचा लवकर भरून येणे, वेदना कमी होणे आणि औषधांना साथ मिळणे, इतका मर्यादित दावाच मला योग्य वाटतो. अर्थात मुलाच्या वेदना कमी होणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. ज्याला डोळा उघडता येतो त्यालाच थेंब घालता येतात.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. एखादे सल्फा औषध, फिटवरचे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, कधी वेदनाशामक गोळी, तर मुलांमध्ये कधी मायकोप्लाझ्मा या जंतूचा संसर्ग यानंतर अंगावरची त्वचा सोलवटून निघते, आणि तोंडाबरोबर डोळ्यांचे आवरणही जाते. जीव वाचतो, पण पापण्यांच्या आतल्या कडा खरखरीत होतात, प्रत्येक उघडझापीला कॉर्निया घासला जातो आणि मूल हळूहळू अंध होत जाते. या आजारात पहिल्या आठवड्याच्या सुमारास वरच्या पापणीच्या कडेपासून खालच्या पापणीच्या कडेपर्यंत संपूर्ण पृष्ठभाग पडद्याने झाकला, तर हा पुढचा प्रवास अडवता येतो. एम्समधीलच, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत केवळ औषधे दिलेल्या गटापेक्षा औषधांबरोबर पडदा लावलेल्या गटाचे डोळे स्पष्टपणे चांगले राहिले. पडदा खोबणीत दाबून धरण्यासाठी महागडे उपकरणच हवे असेही नाही. सलाइनच्या नळीचे कडे करून ते पापण्यांखाली बसवण्याची पद्धत जगभर वापरली जाते.

इथे अडचण ज्ञानाची नाही, व्यवस्थेची आहे. हे मूल नेत्रविभागात नसते, ते बालरोग अतिदक्षता विभागात असते. तिथे श्वास, क्षार, ताप आणि जंतुसंसर्ग यांची लढाई चालू असते आणि डोळ्यांत थेंब घालून पापण्या मिटलेल्या असतात. नेत्रतज्ज्ञाला बोलावणे पाठवायला आठ-दहा दिवस उलटले की पडद्याची वेळ जवळपास निघून गेलेली असते. पुण्यातील प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने, मग ते सरकारी असो, धर्मादाय असो वा खासगी, असा नियम करावा की या आजाराच्या संशयाने दाखल झालेल्या मुलाचे डोळे पहिल्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाने पापणी उलटवून आणि जखम दाखवणारा फ्लुरोसिनचा रंग घालून पाहावेत. असा नियम करायला निधी लागत नाही.

बाकीच्या उपयोगांविषयी थोडक्यात सांगतो. ॲलर्जीने सतत खाज सुटणाऱ्या मुलांच्या कॉर्नियावर कधी कधी ढालीसारखा व्रण होतो, तो खरवडून वर पडदा लावतात. जन्मतः कॉर्नियाच्या कडेला असलेली डर्मॉइडची, म्हणजे त्वचेसारख्या ऊतीची, गाठ काढल्यावर उघडी पडलेली जागाही त्याने झाकतात. ॲलर्जीच्या मुलांना औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब नेऊन महिनोन्महिने घालणाऱ्या पालकांना मात्र कळकळीने सांगावेसे वाटते की खाज थांबते, पण दाब वाढतो, आणि तो मुलाला जाणवत नाही.

भारताने या पडद्याच्या वापरात स्वतःची मोठी भर घातली आहे, हे आपल्याकडे फारसे माहीत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत विरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक सोपी पद्धत मांडली. निरोगी डोळ्याच्या लिंबसचा सुमारे २ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक भाग करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर आधी पडदा अंथरून त्यावर ते गोंदाने चिकटवायचे. मूलपेशी पडद्याचा आधार घेत पसरतात. एरवी या पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत, त्यासाठी मोठी यंत्रणा आणि मोठा खर्च लागे. या पद्धतीत ती प्रयोगशाळा म्हणजे मुलाचा डोळाच होतो. २०१६ साली त्यांनी १२५ रुग्णांचे निष्कर्ष दिले, त्यात ६० मुले होती, आणि एकूण ७६ टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग टिकून राहिला. पापणी फार चिकटलेली असणे आणि त्याच वेळी कॉर्नियाही बदलणे, ही अपयशाची कारणे त्यात आढळली. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत पापणी चिकटू न देणे हे पुढच्या शस्त्रक्रियेच्या यशासाठीही मोलाचे आहे. एका डोळ्याला इजा झालेल्या मुलासाठी ही पद्धत आज आपल्या हाती आहे, आणि तिच्या पायाशी हाच पिवळ्या पिशवीत जाणारा पडदा आहे.

पैसे प्रतिबंधावर खर्च करा, पडद्यावर कशाला, असा एक आक्षेप येतो. तो मला अर्धाच पटतो. चुन्याच्या पुड्यांविषयी भारतीय नेत्रतज्ज्ञांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकातून २००३ सालीच इशारा दिला होता. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पण नुसता चुना म्हणजे काही तंबाखू नव्हे, आणि तो ज्या पुडीत येतो ती मुलाच्या दृष्टीने खेळणेच असते. जाड, न फुटणारे, फिरकीचे झाकण असलेले आणि डोळ्याच्या धोक्याची मराठीत सूचना छापलेले वेष्टन सक्तीचे करणे राज्य शासनाला अवघड नाही. ते व्हायलाच हवे. परंतु उद्या हा नियम झाला तरी परवा पडलेल्या जुन्या पुड्या राहतील, औषधांमुळे होणारे आजार राहतील, दिवाळीत फटाके राहतील. प्रतिबंधाचा आग्रह धरताना ज्या मुलाचा डोळा आज जळाला आहे त्याला मागे सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप जंतुसंसर्गाचा आहे आणि तो गंभीर आहे. मानवी ऊती एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाते तेव्हा एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांची तपासणी अनिवार्यच आहे. प्रसूतिगृहातून आणलेला पडदा मिठाच्या पाण्यात धुऊन तसाच वापरणे हा मुलाच्या जिवाशी खेळ आहे, आणि केवळ तुटवड्यामुळे कोणावर तशी वेळ येणे हेच मुळात चूक आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश झाला आणि ऊतिपेढ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. ऊतिपेढी चालवण्याचा अनुभव आपल्या राज्यात नाही असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून आहे. तिथे हाडांबरोबर हा पडदाही कोरडा करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तयार केला जातो. कोरडा पडदा साध्या तापमानाला टिकतो, त्यामुळे तो तालुक्याच्या ठिकाणीही ठेवता येईल.

पुण्यात या कामासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. ससून सर्वोपचार रुग्णालयात प्रसूतिविभाग आहे, नेत्रविभाग आहे, रक्तपेढी आहे आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारी मुलेही तिथेच येतात. एका वारेपासून पडद्याचे अनेक तुकडे निघतात, त्यामुळे शहराची गरज भागवण्यासाठी फार दात्या लागणार नाहीत. सरकारी पेढीतला पडदा मुलांसाठी विनामूल्य असावा आणि प्रत्येक तुकडा कोणत्या डोळ्यावर, इजेनंतर कितव्या दिवशी लावला आणि वर्षभराने त्या डोळ्याची नजर किती राहिली, याची नोंद पेढीकडे परत येणे बंधनकारक असावे. पुराव्यातल्या ज्या उणिवा मी वर सांगितल्या, त्या अशा नोंदींनीच भरून निघतील.

संमतीचा प्रश्न सर्वांत काळजीने हाताळावा लागेल. वार ही आईची आहे. अनेक घरांत ती आजही अंगणात पुरतात, आणि ज्यांना तसे करायचे असेल त्यांना कोणी अडवू नये. कळा सुरू झालेल्या बाईसमोर फॉर्म धरून सही घेणे म्हणजे संमती नव्हे. तिला सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणीच्या वेळी, शक्यतो तिच्या भाषेत बोलणाऱ्या परिचारिकेने, निवांतपणे विचारावे. नाही म्हटले तर तिच्या उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे आधी सांगावे. पैसे किंवा सवलत यांचे आमिष दाखवू नये. ठरवून होणाऱ्या सिझेरियनमध्ये पडद्याला जंतूंचा स्पर्श कमी होतो, त्यामुळे सुरुवात त्या महिलांपासून करता येईल. एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिस यांच्या तपासण्या तर गरोदरपणात सगळ्यांच्याच होतात, त्यात कावीळ सी ची एक वाढवावी लागेल. पडदा गोठवून वेगळा ठेवायचा आणि सहा महिन्यांनी आईचे रक्त पुन्हा तपासून मगच तो वापरासाठी खुला करायचा, ही जुनी आणि सुरक्षित रीत आहे. त्यासाठी तिला मुद्दाम हेलपाटा घालायलाही लावू नये. नऊ महिने पूर्ण झाल्यावर बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायला ती येतेच, त्याच भेटीत रक्ताची एक नळी घेतली की काम होते.